घरच्या कराओकेचा आवाज सुधारायचा कसा: बेळगाव भागातनं परत परत येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यातनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न येतात ते बहुतेक तेच तेच असतात, माणूस बदलतो, खोली बदलते, पण "माईक शिट्टी मारायलाय" हे काय बदलत नाही. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. आपल्याकडं घराघरात गाणं आहे, १९२४ साली सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले त्याच्याही आधीपासनं आहे, आणि आता पेटी-तबल्याच्या जोडीला कराओके आलंय, तर ते ऐकणाऱ्याच्या कानाला गोड लागावं एवढीच तळमळ. आणि एक आधीच सांगतो, बहुतेक तक्रारी नवीन सामान न घेता मिटतात. आधी जागा बदला, मग बटणं, पैसे सगळ्यात शेवटी.

१. घरात कराओके सुरू करायचंय, कमीत कमी काय काय लागतंय?

ट्रॅक वाजवायला मोबाईल नाहीतर लॅपटॉप, वायरचा एक डायनॅमिक माईक (स्टेजवर हातात धरतात तसला साधा), एक छोटा मिक्सर आणि स्पीकर. बस्स. लोक मिक्सर वगळतात आणि तिथंच फसतात. माईकमधनं येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, मोबाईलमधनं येणारा त्याच्या कितीतरी पट मोठा, ह्या दोघांना एका पातळीवर आणायचं काम मिक्सरचं. चार चॅनेलचा, एको असलेला साधा मिक्सर घरासाठी भरपूर झाला.

२. आमच्याकडं जुनं होम थिएटर आहे, त्यावरच भागेल का मोठे स्पीकर घेऊ?

आधी त्यावरच गाऊन बघा. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे ५० वॅटचा काढून १०० वॅटचा आणला तर कानाला "थोडा वाढला वाटतं" एवढाच फरक कळतो. घरच्या खोलीत ताकद कमी पडत नाही, स्वच्छपणा कमी पडतो. होम थिएटर वापरणार असाल तर सराउंड, मूव्ही असले मोड बंद करून साधा स्टिरिओ ठेवा, नाहीतर तुमचा आवाज मागच्या स्पीकरमधनं पण यायला लागतो आणि सगळा चिखल होतो. सबवूफरचा नॉब पण निम्म्याच्या खाली आणा. ट्रॅकमधला ढोल तुम्हाला आवडतोय हे मान्य, पण तुमचे शब्द त्याच्याखाली दबतात.

३. मी बरोबर तालात गातोय पण स्पीकरमधनं माझा आवाज मागनं यायलाय, असं का?

ब्लूटूथ. दुसरं कारण शोधायच्या आधी हे बघा. साध्या ब्लूटूथमधनं आवाज पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि गाणाऱ्याला २०-३० मिलिसेकंदाच्या वर गेलं की खटकायला लागतं. आपला आवाज उशिरा ऐकू आला की माणूस नकळत रेंगाळतो, मग ताल जातो, मग घरचे म्हणतात ह्याला तालाचं ज्ञान नाही. ज्ञान आहे ओ, वायर नाही.

इथं एक बारीक गोष्ट आहे. नुसता ट्रॅक ब्लूटूथनं येत असेल आणि माईक वायरनं मिक्सरमध्ये जात असेल तर बिघडत नाही, ट्रॅक उशिरा आला तरी तुम्ही जो ऐकताय त्याच्याच बरोबर गाताय, फक्त स्क्रीनवरचे शब्द जरा आधी पळतात. पण माईक आणि ट्रॅक दोन्ही मिसळून मिक्सरनंतर ब्लूटूथ स्पीकरला पाठवलं तर काही करून जमत नाही. मिक्सर ते स्पीकर वायरच पाहिजे. टीव्हीच्या स्पीकरवर गाणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, कारण टीव्ही चित्र आणि आवाजावर आत बरीच प्रक्रिया करतो, तिथं गेम मोड लावला तर उशीर बराच कमी होतो.

४. माईक शिट्टी मारायलाय, काय करू?

स्पीकरमधला आवाज परत माईकमध्ये शिरतो, परत मोठा होऊन स्पीकरमधनं येतो, परत शिरतो, असं चक्र धरलं की शिट्टी. तोडायची जागा एकच, स्पीकरचा आवाज माईकच्या तोंडात जाऊ द्यायचा नाही. म्हणून स्पीकर गाणाऱ्याच्या पुढं, ऐकणाऱ्यांकडं तोंड करून, आणि गाणारा स्पीकरच्या मागं. आपल्या घरात उलटं असतं, टीव्हीच्या दोन बाजूला स्पीकर आणि गाणारा शब्द बघायला टीव्हीकडं तोंड करून, म्हणजे स्पीकरच्या बरोबर समोर उभा. मग निदान दोन्ही स्पीकर थोडे बाहेर वळवा आणि माईकचं ढुंगण स्पीकरकडं राहील असं धरा, कारण घरात वापरतात ते कार्डिऑइड माईक मागच्या बाजूनं सगळ्यात कमी ऐकतात.

आणि माईकची जाळी मुठीत धरू नका. बघायला ऐटबाज दिसतं, पण जाळी झाकली की माईकची ती एकाच दिशेनं ऐकायची ताकद जाते आणि शिट्टी लगेच येते. माईक तोंडाजवळ आणणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय, अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबल जास्त मिळतो, तेवढा मिक्सरवर कमी करता येतो. एवढं सगळं करूनही शिट्टी येत असेल तर एको कमी करा (प्रश्न ९) आणि खोली बघा (प्रश्न ५).

५. खोलीत आवाज फार घुमतोय, बाथरूममध्ये गातोय असं वाटतंय. भिंतीला अंड्याचे ट्रे लावू का?

ट्रे लावू नका. त्यानं नावापुरता फरक पडतो आणि पेटले तर घर धोक्यात. आपल्याकडं नवीन बांधकाम म्हणजे सिमेंटच्या गुळगुळीत भिंती, खाली टाईल्स नाहीतर कडप्पा, वर स्लॅब, सगळीकडनं आवाज आपटून परत येतो. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, टाळीनंतर "टिर्रर्र" असं ऐकू आलं तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतीत आवाज चेंडूसारखा नाचतोय. जुन्या कौलारू घरात हे कमी होतं, कौलांमधल्या फटीतनं आवाज निघून जातो, सामान पण खच्चून भरलेलं असतं.

अनगोळला एका काकांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेलो होतो. त्यांनी दोनदा स्पीकर बदलले होते, तिसऱ्यांदा बदलायचा विचार चालला होता. खोलीत एक प्लास्टिकची खुर्ची, एक टीव्ही, दुसरं काही नाही. मी काकूंना म्हटलं घरात वाकळ आहे काय, त्यांनी त्यांच्या सासूबाईंनी शिवलेल्या तीन जाड वाकळा काढून दिल्या, एकेक साडी ओळखू येत होती त्यातली. दोरी बांधून दोन वाकळा गाणाऱ्याच्या पाठीमागं, भिंतीपासनं चार बोटं पुढं टांगल्या, एक खाली अंथरली, आणि कापसाची गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. काकांनी एक कडवं म्हटलं आणि मध्येच थांबून काकूंकडं बघितलं. शब्द कळत होते. स्पीकर तेच.

ह्यातलं लक्षात ठेवायचं ते असं, कापड जाड पाहिजे, पातळ पडद्यानं फक्त वरचा टणटणाट जातो. भिंतीला चिकटवण्यापेक्षा थोडी पोकळी ठेवून टांगलं की जास्त आवाज शोषला जातो. आणि आधी गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत झाकायची, कारण स्पीकरचा आवाज तिच्यावर आपटून सरळ माईकच्या तोंडात येतो. सगळी खोली झाकायची गरज नाही, एकदम मेलेली खोलीही गायला नको वाटते.

६. कंडेन्सर माईक भारी असतो म्हणतात, घेऊ का?

घरात स्पीकर लावून गायचं असेल तर नको. कंडेन्सर फार बारीक ऐकतो, पंखा, कुकरची शिट्टी, स्पीकर, सगळंच. वडगावात तर मागाचा खटखटाट पण आत येईल. त्यातल्या बहुतेकांना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरनं माईकच्या वायरीतनंच पुरवलेली वीज, पण लागते. हेडफोन लावून नुसतं रेकॉर्डिंग करणार असाल तर कंडेन्सर चांगला, बाकी सगळ्यांना डायनॅमिक. जगभर स्टेजवर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ पासनं चालत आलेला डायनॅमिकच आहे. तोच घ्या असं नाही म्हणत, पण त्या नावानं मिळणाऱ्या फार स्वस्त वस्तूंपासनं जरा जपून.

७. माईक तोंडापासनं किती लांब धरायचा?

दोन-तीन बोटं. वरच्या सुराला जाताना वीतभर मागं न्यायचा, खाली आल्यावर परत जवळ. जवळ धरला की आवाज भरदार, घुमटदार होतो, हा माईकचा गुणच आहे, पातळ आवाजाच्या माणसानं त्याचा फायदा घ्यावा, आणि ज्याचा आवाज मुळातच खर्जातला आहे त्यानं जरा लांब. प, फ, ब, भ ला "भप्प" असा फटका बसत असेल तर माईक ओठांच्या सरळ समोर न धरता थोडा गालाकडनं तिरका धरा. बायका-मुलं बहुतेक वेळा माईक छातीजवळ धरतात, लाजून, आणि मग घरातला कोणीतरी आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. त्यांना प्रेमानं सांगा, हनुवटीला टेकव म्हणून, काम होतं.

८. मिक्सरवर गेन आणि व्हॉल्यूम दोन्ही आहेत, फरक काय?

गेन म्हणजे नळाची मुख्य चावी, माईकमधनं आत किती घ्यायचं ते. व्हॉल्यूम म्हणजे बाहेर किती सोडायचं. गेन जास्त झाला तर आवाज आतच फाटतो, मग बाहेर कितीही कमी करा फाटकाच येणार. पद्धत अशी, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण ताकदीनं गा (नुसतं "हॅलो हॅलो चेक" म्हणून भागत नाही), लाल दिवा लागायला लागला की तिथनं गेन थोडा मागं घ्या, आणि मग त्याला हात लावायचा नाही. त्यानंतर ट्रॅक कमी ठेवून स्वतःचा आवाज वर आणा. ट्रॅक मोठा आणि गाणारा बारीक, ही चूक मी जवळजवळ प्रत्येक घरात बघतोय.

९. बास, ट्रेबल, एको कुठं ठेवायचं? दुकानदारानं सगळं फुल्ल करून दिलंय.

सगळं मधोमध आणा आणि तिथनं सुरू करा. माईकच्या चॅनेलवर लो-कट बटण असेल तर दाबून ठेवा, ८०-१०० हर्ट्‌झच्या खाली माणसाच्या गाण्यात काही नसतं, तिथं फक्त हात लागल्याचा, पंख्याचा गडगडाट असतो. आवाज डब्यातनं आल्यासारखा वाटत असेल तर ३०० हर्ट्‌झच्या आसपास थोडं कमी करा. शब्द स्पष्ट नसतील तर ३ ते ५ किलोहर्ट्‌झ किंचित वाढवा, आणि स, श कानात टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्‌झ कमी. वाढवण्यापेक्षा कमी करून बघायची सवय लावा, वाढवलं की शिट्टी जवळ येते.

एको हा मिठासारखा घाला. गाताना कळला नाही पाहिजे, पण बंद केला की काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे, तेवढाच. मिक्सरवर उशीर मिलिसेकंदात ठरवता येत असेल तर ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमनं (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी) भागा, १०० बीपीएमचं गाणं असेल तर ६०० मिलिसेकंद, मग एको तालात पडतो. चपळ गाण्याला त्याच्या निम्मं.

१०. कोणी गात नसताना पण स्पीकरमधनं "घुंऽऽऽ" असा आवाज यायलाय.

आपली वीज ५० हर्ट्‌झची, तीच तुम्हाला ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आवाज थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे लॅपटॉप एका बोर्डावर, अँप्लिफायर दुसऱ्या बोर्डावर आणि मध्ये ऑडिओ वायर. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते ती ऑडिओ वायरीत घाला. अर्थिंगची पिन मात्र मोडू नका, कोणी सांगितलं तरी, हातात धातूचा माईक असतो आणि तो ओठाला लागतो.

घुंऽऽऽ फक्त करंट गेल्यावरच येत असेल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यावर अँप्लिफायर गुणगुणणारच, साईन वेव्हवर तो त्रास होत नाही. माईकची वायर लांब असेल, पाच-सहा मीटरच्या वर, तर साध्या जाड पिनेची न वापरता दोन्ही टोकाला एक्सएलआर (तीन पिनांचं गोल कनेक्टर) असलेली वापरा, आणि ती मेनच्या वायरीला समांतर नेऊ नका.

११. कॉर्डलेस माईक मध्येच तुटतोय.

रिसीव्हर टीव्हीच्या मागं लपवला असेल तर बाहेर, उंचावर, समोर दिसेल असा ठेवा, माणसाचं अंग मध्ये आलं तरी सिग्नल अडतो. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळं माईक लवकर "बॅटरी लो" दाखवतो, घाबरू नका. दोन जोड घेणार असाल तर दोन्हीची फ्रिक्वेन्सी वेगळी आहे हे दुकानातच दोन्ही एकदम चालू करून बघा, बऱ्याच स्वस्त माईकमध्ये ती नंतर बदलता येत नाही.

१२. ट्रॅकच पोकळ वाटतो, आणि पट्टी पण जमंना.

काही ट्रॅक मूळ गाण्यातला गाणाऱ्याचा आवाज पुसून केलेले असतात. जुन्या पद्धतीत डाव्या-उजव्यात जे सारखं असेल ते एकमेकांतनं वजा करतात, गाणाऱ्याचा आवाज मधोमध असतो म्हणून जातो, पण बास आणि ढोल पण मधोमधच असतात, ते पण जातात. असला ट्रॅक मिक्सरवर सुधारत नाही, दुसरा शोधा, नव्यानं वाजवून केलेला.

पट्टी अ‍ॅपमधनं बदलता येते. काळी चारचं गाणं पांढरी चारवर आणलं म्हणजे तीन अर्धस्वर खाली, एवढं ट्रॅक सहन करतो, त्याच्याही पुढं गेलं की वाद्यं घसा बसल्यासारखी वाजतात. ताणून मूळ पट्टीत गाण्यापेक्षा उतरवून गाणं कधीही बरं, त्यात कमीपणा काही नाही.

१३. पावसाळ्यात माईकचा आवाज दबतो, खराब झाला का?

बहुतेक वेळा आतला स्पंज ओला किंवा बुरशीचा झालेला असतो. खानापूरकडं तर जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम फोडतात. जाळी फिरवून काढा, स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण सुकवा, रात्रभर नाही, पूर्ण, आणि माईक सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवा. चार-पाच जण गात असतील तर पाऊस असो नसो, स्पंज धुवायलाच पाहिजे. पत्र्याच्या शेडात जोराचा पाऊस आला तर त्या दिवशी गाणं थांबवा, आवाज वाढवून जिंकता येत नाही.

१४. शेजारी तक्रार करायलेत. नियम काय आहे?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, बंदिस्त हॉलसारख्या जागांना आतल्या आत वापरायची सूट आहे. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. खासगी जागेतली साउंड सिस्टिम असेल तर तुमच्या हद्दीवर तिच्यामुळं ह्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढ व्हायला नको. पण नियमाच्या आधी शेजारधर्म बघा, त्यांच्या भिंतीतनं जातो तो तुमचा आवाज नसतो, बास असतो. सबवूफर फरशीवरनं उचलून जाड रबरावर किंवा फोमवर ठेवा, भिंतीच्या कोपऱ्यातनं काढा, कोपऱ्यात बास वाढतो. आणि त्यांना एकदा गायला बोलवा.

१५. माईक लावला पण आवाज अगदीच बारीक, सगळं फुल्ल करून पण.

माईक ऑक्स किंवा लाईन इनमध्ये घातलाय. ते मोबाईलसारख्या मोठ्या सिग्नलसाठी असतं, माईकला ४० ते ६० डेसिबलची वाढ लागते ती तिथं मिळत नाही. मिक्सरच्या माईक भोकात घाला आणि मिक्सरच्या आउटमधनं वायर ऑक्सला न्या.

१६. माझं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकू येतं आणि मोबाईलच्या स्पीकरवर माझा आवाज गायब, फक्त म्युझिक. भुताटकी आहे का?

हा प्रश्न वर्षात दोन-तीनदा येतोच, आणि माणूस खरंच घाबरलेला असतो. कारण वायर आहे. एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी स्टिरिओ पिन, अशी वायर माईकला लावून सरळ रेकॉर्डरच्या स्टिरिओ भोकात घातली, की तुमचा आवाज डावीकडं सुलटा आणि उजवीकडं उलटा जातो. हेडफोनवर दोन्ही कान वेगळे, म्हणून ऐकू येतो, जरा विचित्र वाटतो एवढंच. मोबाईलचा एकच स्पीकर दोन्ही मिसळतो आणि सुलटा-उलटा एकमेकांना खाऊन टाकतात. आधीचं रेकॉर्डिंग वाया गेलं नाही, माईक वेगळ्या ट्रॅकवर असेल तर एडिटिंग अ‍ॅपमध्ये त्याची फक्त एक बाजू ठेवा. पुढच्या वेळी माईक मिक्सरमध्ये आणि मिक्सरच्या लाईन किंवा आरईसी (रेकॉर्डिंगसाठीच्या) आउटमधनं रेकॉर्डरला. अँप्लिफायरच्या स्पीकर आउटमधनं मोबाईल किंवा लॅपटॉपला वायर कधीच जोडायची नाही, मशीन जळतं.

१७. एकट्यानं गाताना ठीक, दोघं गायला लागलो की शिट्टी. माईक तर सारखेच आहेत.

चालू माईक दुप्पट झाले की शिट्टी यायच्या आधी आवाज जेवढा वाढवता येतो तो ३ डेसिबलनं कमी होतो, म्हणून. गाणारा बसला की त्याचा माईक बंद, पलंगावर चालू ठेवून जायचं नाही. बाकी प्रश्न ४ प्रमाणंच.

१८. आई ७२ वर्षांची आहे, अभंग फार गोड म्हणते पण आवाज अगदी हळू, वाढवला की शिट्टी आणि माईक हातात धरायला तिला जमत नाही. काही उपाय आहे का?

आहे, आणि हे सेटिंग मी सगळ्यात मन लावून करतो. माईक स्टँडवर लावा, खुर्चीच्या उंचीचा, तोंडापासनं तीन बोटं, म्हणजे त्यांना फक्त बसायचंय. दोन्ही स्पीकर त्यांच्या पुढं आणि ऐकणाऱ्यांकडं वळवलेले. एको अगदी थोडा. मिक्सरवर कॉम्प्रेसर असेल तर ३:१ च्या आसपास, म्हणजे हळू ओळ आणि चढी ओळ ह्यातलं अंतर कमी होतं, पण फार दाबू नका, कॉम्प्रेसरमुळंही शिट्टी जवळ येते. पंखा बंद. ट्रॅक त्यांच्या पट्टीत उतरवा आणि इतका कमी ठेवा की खोलीतल्या माणसांना तो ऐकायला जरा कान द्यावा लागेल. किंवा ट्रॅक सोडाच, घरात पेटी असेल तर कोणीतरी सूर धरा, पेटीला माईक लावायची गरज नाही. पहिल्या दिवशी त्या स्वतःचा आवाज स्पीकरमधनं ऐकून थांबतील. थांबू द्या, पाणी द्या, परत पहिल्या ओळीपासनं घ्या.